पहिले तीन दाब

कारखान्यात तिला सगळे दाबबाई म्हणत. तोंडावर नाही, तोंडावर ‘मॅडम’. पण ‘मॅडम’ म्हटलं की पाच जणी मान वर करायच्या आणि दाबबाई म्हटलं की एकच. नाव काही उगाच पडलेलं नव्हतं. सत्तावीस वर्षं ही बाई एकच काम करत होती. कोटिंग केलेल्या पोलादाच्या तुकड्यावर एक कठीण गोळी दाबायची, तुकडा किती दबला ते बघायचं, दाब काढायचा, किती परत आला ते बघायचं, आणि मग संगणकासमोर बसून हाच दाब खऱ्या पंपात पडला तर काय होईल याचं गणित मांडायचं. ऐकायला सोपं वाटतं ना? करून बघा एकदा.

कारखाना पंपांचा होता. प्रत्येक पंपात गोल डोक्याचा एक दट्ट्या पोलादी तबकडीवर दाब देत असतो. तबकडी झिजू नये म्हणून तिच्यावर कोटिंग, केसाच्या विसाव्या हिश्शाइतकं पातळ आणि भयंकर कठीण. आता खरी गोम इथेच आहे. वरचा थर कठीण आणि खालचं पोलाद त्या मानाने मऊ. दाब बेताचा असला, की काढल्यावर दोघंही निमूट जागेवर परत येतात. याला इलॅस्टिक म्हणायचं. मर्यादा ओलांडली की खालचं पोलाद दबतं ते दबलेलंच राहतं. याला प्लास्टिक म्हणायचं. कामावर नव्याने आलेल्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी वाटायचं की बाई बादल्या-मगांबद्दल बोलतायत, आणि बाई प्रत्येकावर तितक्याच जोराने खेकसायच्या. मग शांत होऊन समजावायच्या, “गादीवर काच ठेव आणि काचेवर गुडघा टेक. काच कितीही चांगली असू दे, गादी खचली की काच तडकणार. आपलं गणित गादी कधी खचते त्याचं आहे.”

ती मर्यादा कुठे आहे हे सांगणं हा दाबबाईंचा प्रांत. तिने सहा वर्षांपूर्वी आकडा काढला होता, एकशे वीस किलो. त्याच्या आत कितीही वेळा दाबा, कोटिंगला काही होत नाही. संगणकात तिने तबकडीचे लाखभर चौकोन पाडले होते, वरच्या थराचे बारीक, खालचे मोठे, आणि प्रत्येक चौकोनाला किती ताण सोसेल ते आपल्या यंत्रावरच्या मोजमापांवरून शिकवलं होतं. गणित आणि यंत्र यांच्या रेघा एकमेकींवर अशा बसायच्या की बघणाऱ्याने तोंडात बोट घालावं. कारखान्यात एखाद्या गोष्टीवर वाद झाला तर लोक म्हणत, “दाबबाईंचा आकडा आहे का? मग संपलं.” तिला याचा अभिमान होता, आणि का नसावा? घरात सासूबाई म्हणायच्या, “हिच्या नाकावर माशी बसली तर ही आधी तिचं वजन करेल.”

याच कारखान्यात तिचा धाकटा दीर कोटिंगच्या भट्टीवर होता. तिचं लग्न झालं तेव्हा तो शाळेत होता आणि गणितात ढ होता. रोज संध्याकाळी वहिनीने त्याला पुढ्यात घेऊन बसवलं, डोळे वटारले, चार धपाटेही घातले असतील, पण पास केलं. पुढे तिनेच त्याला इथे चिकटवलं. भट्टीवर त्याने हळूहळू नाव काढलं. हुशार म्हणून नाही, तर नेमका म्हणून. तेलाचा डाग राहिला तर कोटिंग धरत नाही, म्हणून तबकड्या आधी धुवायच्या, पुसायच्या, सुकवायच्या, मग भट्टीत मांडायच्या. काट्यावर येईल तो आकडा वहीत लिहायचा. त्याची वही बघायला मिळाली की बाहेरून आलेले तपासनीस खूश होऊन जात. दर रविवारी तो बायकोला घेऊन भावाकडे जेवायला यायचा आणि दाबबाई त्याला अजूनही दुसऱ्यांदा वाढताना विचारायची नाही, सरळ वाढायची.

मग नवा पंप आला.

जुने पंप साठ किलोवर चालायचे, म्हणजे तिच्या आकड्याच्या निम्म्यावर. नव्या पंपाच्या आराखडेवाल्यांनी तो आकडा पार कडेपर्यंत वापरला. एकशे अठरा. का नाही वापरणार? एकशे वीसपर्यंत चालतं असं दाबबाईंनी लिहून दिलेलं होतं. पंप बाजारात गेले आणि तीन महिन्यांत तक्रारी सुरू झाल्या. तबकड्यांवरच्या कोटिंगचे पापुद्रे निघत होते. एक, चार, मग एकदम चाळीस. साहेबांनी सगळ्यांना धारेवर धरलं. प्रत्येक खेपेबरोबर भट्टीत एक नमुन्याचा तुकडा ठेवलेला असे. ते तुकडे दाबबाईकडे आले. तिने दाबून बघितले. उत्तम! रेघेवर रेघ. दाब काढला की शून्य शिल्लक.

आता तुम्हीच सांगा, नमुना चांगला आणि माल खराब, याचा अर्थ कोणीही काय लावेल? साहेबांनी तोच लावला. नमुना तेवढा चकचकीत धुवायचा, तबकड्या तशाच भट्टीत ढकलायच्या आणि वहीत ‘धुतल्या’ लिहून मोकळं व्हायचं. म्हणजे नुसती हयगय नाही, लबाडी. त्यांनी दाबबाईचं मत लेखी मागितलं. तिने दोन दिवस कागद पुढ्यात ठेवला आणि मग लिहिलं, “नमुने नियमात बसतात. दोष कोटिंगपूर्व साफसफाईत असावा.” त्या ‘असावा’ने दिराचं घोडं मारलं. त्याला भट्टीवरून उचलून पॅकिंगला टाकलं, चौकशी लावली, आणि चौकशी संपली की घरी बसवणार हे कारखान्यात कुत्र्यालासुद्धा ठाऊक झालं.

रविवारचं जेवण बंद झालं. जाऊबाईचा फोन बंद झाला. नवरा शाळेत भूगोल शिकवायचा, भांडण हा त्याचा विषय कधीच नव्हता. तो एवढंच म्हणाला, “तू बरोबर असशील गं. पण तो माझा भाऊ आहे.” सासूबाई मात्र बोलल्या, आणि बोलल्या त्या ठेवणीतलं. “रविवारी त्या यंत्रालाच बोलाव जेवायला. दिराच्या पाटावर बसव.” दाबबाई तिथून उठून गेली. तिला रडू येत होतं आणि रागही येत होता. खोटं काय लिहिलं होतं तिने? दीर म्हणून आकडा वाकवायचा? तिने तो कुणासाठीच वाकवला नव्हता. चार महिने ती ताठ मानेने कारखान्यात जात होती, पॅकिंगच्या दारावरून जाताना मात्र पावलं आपोआप झपझप पडायची.

चौकशीच्या नियमात एक कलम होतं. ज्याच्यावर ठपका आहे त्याला आपल्यासमोर एकदा चाचणी करून घेण्याचा हक्क. दिराने तो मागितला. मंगळवारी सकाळी तो चाचणीच्या खोलीत आला. खोली लहान, खिडकी बंद, तापमान कायम एकसारखं, मधोमध दगडी चौथऱ्यावर यंत्र. चार महिन्यांनी दोघं समोरासमोर उभे होते.

“या, भाऊजी.”

“हो.”

एवढंच बोलणं. मोहोर लावलेल्या पाकिटातून वादातल्या खेपेचा कोरा तुकडा तिने काढला, पकडीत बसवला आणि एकशे वीस किलोवर पहिला दाब दिला. दाब काढला. काटा थांबला. दिराने खिशातून वही काढून आकडा लिहिला.

“हा नाही लिहायचा,” ती म्हणाली. “पहिले तीन सोडून द्यायचे. यंत्र बसतंय अजून.”

“पण आकडा आला ना?”

“आला. तो मोजायचा नसतो.”

“भट्टीवर तुम्हीच शिकवलंत वहिनी, येईल तो लिहायचा.” टोमणा नव्हता त्यात. टोमणे मारणं त्याला जमायचंच नाही. तो खाली मान घालून लिहीत राहिला. दुसरा, तिसरा, चौथा. चौथा तिने आपल्या कागदावर उतरवला. शून्य. कोटिंग उत्तम. “झालं,” ती म्हणाली आणि साक्षीच्या सहीसाठी कागद त्याच्यापुढे सरकवला. सही करायला त्याने वही टेबलावर ठेवली आणि दाबबाईची नजर तिच्यावर गेली.

नऊ, दोन, एक, शून्य. दाब काढल्यावर शिल्लक राहिलेला खळगा, मायक्रॉनच्या दशांशात.

सहा वर्षांत हे चार आकडे तिने एका ओळीत पाहिलेच नव्हते. पहिले तीन कधी कुणी लिहिलेच नव्हते. त्यामागची कथा अशी, की जुन्या यंत्राचा स्क्रू सैल होता. तेव्हाचे साहेब कामाआधी पोलादाच्या एका जाड ठोकळ्यावर तीनदा दाब देऊन यंत्र बसवून घ्यायचे आणि मगच तुकडा लावायचे. सहा वर्षांपूर्वी नवं यंत्र आलं. तुकडा एकदा पकडीत बसवला की तो केसभरही हलू नये म्हणून दाबबाईने ठोकळा बाजूला ठेवला आणि ते तीन दाब तुकड्यावरच द्यायला सुरुवात केली, त्याच जागी. आकडे काय सुरेख जुळायला लागले! जुळणारच की. पोलाद पहिल्या दाबालाच खचून गेलेलं असायचं, खळगा गोळीच्या मापाचा होऊन बसायचा, आणि चौथ्या वेळी त्याच खळग्यात तीच गोळी ठेवल्यावर आणखी दबायला उरायचं काय? आणि त्या चौथ्या दाबावरून तिने आपल्या लाखभर चौकोनांना शिकवलं होतं की तुम्ही एवढं सोसू शकता.

हे सगळं तिला त्या क्षणी कळलं असं नाही. त्या क्षणी तिने फक्त सहीचा कागद परत ओढून घेतला.

“भाऊजी, तुम्ही जा आता,” ती म्हणाली. त्याला वाटलं, वहिनी हाकलतेय. तो वही उचलून गेला.

तिने कपाटामागून जुना ठोकळा शोधून काढला, पुसला, यंत्रावर ठेवला. पहिला दाब. शिल्लक शून्य. म्हणजे यंत्राला बसायला वेळ वगैरे काही लागत नव्हता. ते नऊ यंत्राचे नव्हतेच. तुकडा नव्या जागी सरकवला, पहिला दाब, नऊ. आणखी सरकवला, आठ. मग दहा, मग नऊ. बारा जागा झाल्या. शेवटी तिने तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली धरला. प्रत्येक खळग्याच्या कडेने कोटिंगला गोल, बारीक भेग गेली होती. अगदी पहिल्याच दाबाला. धुतलेलं, पुसलेलं, चांगलं कोटिंग.

बुधवारी तिने गणित पुन्हा मांडलं. पोलादाचे गुण बदलले, पहिल्या दाबाचे आकडे घातले आणि सकाळी नऊला संगणक सुरू केला. डबा उघडला नाही. दुपारी चार वाजता चित्र आलं. एकशे वीसवर कोटिंगच्या चौकोनांत खळग्याच्या कडेने लाल गोल उमटला होता, आणि त्याच्या बरोबर खाली पोलादाचे चौकोन एकामागून एक लाल झाले होते. गादी खचली होती. गुरुवारपर्यंत तिने आकडा कमी कमी करत नेला. शंभरला लाल, नव्वदला लाल, ऐंशीला थोडं लाल. बहात्तरला सगळं स्वच्छ झालं.

एकशे वीस नाही, बहात्तर. नवे पंप एकशे अठरावर चालत होते.

खरं सांगायचं तर एक तासभर तिने पळवाट शोधली. बाई झाली म्हणून काय, माणूसच. ‘नमुन्यांच्या मोजमापात नैसर्गिक फरक आढळला’ असं वाक्य तिने लिहूनसुद्धा बघितलं. त्याने दिराची नोकरी वाचली असती. तिचीही अब्रू वाचली असती. सगळे म्हणाले असते, पुरावा कच्चा निघाला, सुटला बिचारा. आणि हेच तिला गिळवेना. सुटला म्हणजे काय? केलं होतं, पण सापडला नाही. हा डाग घेऊन तो जन्मभर भट्टीसमोर उभा राहिला असता. तिने कागद फाडला. घरी नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “मग आता?”

“आता काय! सांगायचं.”

शुक्रवारी चौकशीच्या आधी तिने अहवाल साहेबांच्या टेबलावर ठेवला. साहेबांनी वाचला, चष्मा काढला, परत लावला, परत वाचला.

“बाई, हा आत गेला तर सगळे नवे पंप परत मागवावे लागतील.”

“हो.”

“आणि चूक कुणाची, हे इतकं उघड लिहायची गरज आहे का? ‘चाचणीपद्धतीत त्रुटी’ म्हणू या. पद्धत तर जुन्या साहेबांची होती ना? ते आता हयात नाहीत, त्यांना काय फरक पडतो.”

“जुने साहेब ठोकळ्यावर दाबायचे. तुकड्यावर दाबायला मी सुरुवात केली.”

“सत्तावीस वर्षं काम केलंत तुम्ही. शेवटच्या दोन वर्षांत कशाला हात दाखवून अवलक्षण करून घेता?”

“साहेब, तबकड्या त्याने धुतल्या होत्या. तेवढं तिथे स्पष्ट लिहिलेलं राहू द्या. बाकी माझ्याबद्दल काय लिहायचं ते लिहा.”

अहवाल आत गेला. तासाभरात चौकशी मिटली. दिराला सोमवारपासून भट्टीवर रुजू व्हायचं पत्र मिळालं. पंप परत यायला लागले आणि कारखान्याचं तोंडचं पाणी पळालं. दाबबाईला कुणी काढलं नाही, पण तिची सही काढून घेतली. यापुढे तिचा प्रत्येक आकडा दुसरा कुणीतरी तपासणार आणि तोच सही करणार. दुपारच्या चहाला लोक तिच्या टेबलाकडे यायचे ते येईनासे झाले. काही जण वाईट वाटून, काही जण मनातून खूश होऊन. इतकी वर्षं ज्यांना ‘दाबबाईंचा आकडा’ ऐकून गप्प बसावं लागलं होतं, त्यांनाही कधीतरी बोलायला मिळायला हवंच ना. तिने ते सगळं सोसलं. आकड्याचं ओझं ती उचलू शकत होती. चूक कुठे झाली, कशी झाली, किती झाली, सगळं तिला कागदावर दाखवता येत होतं.

सोमवारी दुपारी ती भट्टीच्या खोलीत गेली. तिथे तिचं काही काम नव्हतं. दीर तबकड्या धुण्याच्या हौदापाशी उभा होता, कोपरापर्यंत हातमोजे घालून. त्याने तिला पाहिलं आणि हात थांबवले नाहीत.

“भाऊजी, चुकलं माझं,” ती म्हणाली. “माझा आकडा चुकीचा होता. तुमचं कोटिंग चांगलं होतं. मी तसं लिहून दिलंय.”

“वाचलं मी.”

“घरी सगळे वाट बघतायत. रविवारी या.”

तो एक तबकडी उचलून पाण्याखाली धरत म्हणाला, “आकड्याचं मला काही वाटत नाही, वहिनी. आकडा कुणाचाही चुकतो. माझं गणित तर तुम्हाला ठाऊकच आहे.” तो हसला, पण ते हसणं अर्ध्यावरच थांबलं. “चार महिने मी तुमच्या खोलीपासून चाळीस पावलांवर खोकी बांधत होतो. साहेबांनी विचारलं, युनियनवाल्यांनी विचारलं, गेटवरच्या वॉचमननेसुद्धा विचारलं, खरं काय झालं म्हणून. मला वाटायचं, आज वहिनी येतील. येऊन शिव्या देतील, काय हवं ते करतील, पण विचारतील. तुम्ही एकदाही आला नाहीत. मी कधी तुमच्याशी खोटं बोललोय का?”

“नाही.”

“मग?”

‘आकडा सांगत होता ना’ हे उत्तर होतं, पण ते तोंडातून काढायची तिला लाज वाटली. शाळकरी वयापासून ज्या पोराला ओळखत होती, त्याला विचारण्यापेक्षा काट्याला विचारणं तिला सोपं गेलं होतं. हौदातलं पाणी वाहत होतं. तो पाठ करून तबकड्या जाळीत रचत होता. ती तिथेच उभी राहिली, आणि मग चार महिन्यांपूर्वी विचारायचं होतं ते तिने त्या दिवशी विचारलं.

“भाऊजी, तबकड्या धुतल्या होत्यात का?”

त्याचे हात थांबले. तो वळला तेव्हा त्याचे डोळे भरले होते, आणि शाळेत पास झाल्याचं सांगायला धावत आला होता तेव्हाच्याच आवाजात तो म्हणाला,

“दोनदा, वहिनी. एकूण एक तबकडी दोनदा धुतली होती.”